ऑनलाइन वर्ग का नकोसा झाला, हे आधी विचारा

पावसाळ्यात अतिवृष्टीचा इशारा आला, जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली की बऱ्याच शाळांच्या ग्रुपवर पाठोपाठ दुसरा निरोप येतो : उद्याचे तास ऑनलाइन होतील. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीची हवा इतकी बिघडली की तिथल्या शाळांनाही वर्ग ऑनलाइन घ्यावे लागले. महामारी सरली, पण वर्ग एका रात्रीत मोबाइलवर नेण्याची वेळ काही सरलेली नाही. ती पुराने येईल, उन्हाच्या लाटेने येईल, एखाद्या नव्या साथीने येईल. म्हणून २०२० ते २०२२ या काळात विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना ऑनलाइन शिकण्या-शिकवण्याबद्दल काय वाटत होतं, आणि मुख्य म्हणजे का वाटत होतं, हे नीट समजून घेणं आजही उपयोगाचं आहे.

त्या काळात दोन वाक्यं सतत ऐकू यायची. शिक्षक म्हणायचे, ‘मुलांना शिकायचंच नाही, लिंक लावून झोपतात.’ मुलं म्हणायची, ‘सर नुसते बोलत राहतात, आम्ही आहोत की नाही याचा त्यांना पत्ताच नसतो.’ दोघांनीही दोष समोरच्याच्या वृत्तीत शोधला. माझं ठाम मत आहे की तो बहुतेक वेळा वृत्तीत नव्हताच. नकोसं वाटण्यामागे नेमकी कारणं होती, आणि त्यातली निम्म्याहून अधिक शाळेच्या पातळीवर दूर करता येण्यासारखी होती. मुलांना ‘सकारात्मक राहा’ असं सांगून ती दूर होणार नव्हती. कारण विचारावं लागतं आणि मग व्यवस्था बदलावी लागते. हा लेख त्यासाठी आहे : शिक्षकांसाठी, मुख्याध्यापकांसाठी आणि पालकांसाठीही.

एक गोष्ट आधी मान्य करूया. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कुणाचीच तयारी नव्हती. राज्य मंडळाचा दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू झाला, व्हॉट्सअॅपवर रोजचा अभ्यास येऊ लागला, दीक्षा अॅप शिक्षकांच्या फोनमध्ये आलं. पण ज्यांनी आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून शिकवलं, त्यांना आठवडाभरात पडद्यासमोर बसवलं गेलं. अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी त्याच महिन्यात बजावलं होतं की नीट आखलेलं ऑनलाइन शिक्षण वेगळं आणि संकटात घाईघाईने उभी केलेली ही सोय वेगळी. दोन्हींना एका तराजूत तोलू नका. आपण तेच केलं. त्यामुळे ‘ऑनलाइन म्हणजे हेच’ असा ग्रह मुलांचाही झाला आणि शिक्षकांचाही.

फोन घरात आहे, पण कुणाच्या हातात?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात इंटरनेटची सोय असलेली घरं सुमारे १५ टक्के होती, शहरांत ४२ टक्के. त्यानंतर स्मार्टफोन झपाट्याने वाढले. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतली मुलं २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, ती २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाली. आकडा दिलासा देणारा वाटतो. पण त्याच पाहणीतली पुढची ओळ अधिक महत्त्वाची आहे : ज्या घरांत फोन होता, तिथल्याही चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी येतच नव्हता.

याचा अर्थ प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. वडील फोन घेऊन कामावर जातात. तीन भावंडांत एक फोन असतो आणि तिघांचे तास दहालाच असतात. बहुतेक वेळा मोठ्या मुलाचा तास ‘महत्त्वाचा’ ठरतो आणि धाकटी बहीण मागे राहते. महिनाअखेर रिचार्ज संपतो. कोकणात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या गावांत कित्येक दिवस वीजच नव्हती, तिथे रेंजची काय कथा! गोव्यात सत्तरी, सांगे भागातली मुलं रेंजसाठी टेकडी चढत होती.

म्हणून ‘तुमच्याकडे स्मार्टफोन आहे का?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर ‘हो’ येतं आणि कळत काहीच नाही. त्याऐवजी विचारा : फोन कुणाचा आहे? तो किती वाजता घरी असतो? घरात शिकणारी मुलं किती? रेंज घरात येते की अंगणात, की वेशीवर जावं लागतं? रोजचा डेटा किती वाजेपर्यंत पुरतो? एवढं एका कागदावर आलं की वेळापत्रकाचा विचारच बदलतो. पालकांचा फोन संध्याकाळी सातला घरी येत असेल, तर सकाळी दहाचा तास कितीही चांगला घेतला तरी त्या मुलासाठी तो झालेलाच नाही. अशा वर्गात दिवसाचं मुख्य काम संध्याकाळी उघडता येईल असं ठेवा : तीन-चार मिनिटांचा आवाजी संदेश, पुस्तकातल्या पानाचा उल्लेख, आणि वहीत करायचं एक काम. व्हिडिओपेक्षा आवाजाला कितीतरी कमी डेटा लागतो. आणि भावंडं एकाच शाळेत असतील तर त्यांचे तास एकमेकांवर येऊ न देणं हे मुख्याध्यापकांचं काम आहे, पालकांचं नव्हे.

काळ्या चौकटींमागे

शिक्षकांना सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण एकच सांगतील : बंद कॅमेरे. चाळीस नावं दिसतात, चेहरा एकही नाही. ‘समजलं का?’ विचारावं तर शांतता. वर्गात शिकवताना आपण सतत चेहरे वाचत असतो. कुणाच्या कपाळावर आठी आली, मागच्या बाकावर कोण खिडकीबाहेर बघतंय, कुणाचा हात अर्धवट वर येऊन खाली गेला. त्यावरून उदाहरण बदलतं, वेग कमी होतो. हा धागा तुटला की अनुभवी शिक्षकालाही आपण भिंतीशी बोलतोय असं वाटू लागतं. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२० मध्ये पाच राज्यांतल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांना विचारलं, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक शिक्षकांनी सांगितलं की ऑनलाइन वर्गात मुलांशी भावनिक नातं टिकवणं अशक्य आहे. मुलांचं शिकणं नीट तपासता येत नाही, असं म्हणणारे ९० टक्क्यांच्या घरात होते. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडच्या शिक्षकखोलीत वेगळं काही ऐकू येत नव्हतं.

आता तीच चौकट मुलांच्या बाजूने पाहा. एका खोलीचं घर. मागे आई भांडी घासतेय, आजोबा खोकताहेत, दोरीवर कपडे वाळताहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला हे सगळं वर्गातल्या मुलामुलींना दाखवायचं नसतं. कॅमेरा लावला की डेटा लवकर संपतो. शिवाय सतत स्वतःचाच चेहरा समोर दिसणं हाही त्रास असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ च्या सुरुवातीला व्हिडिओ-बैठकींच्या थकव्याची कारणं मांडली, त्यात हे एक होतं. बाकीची अशी : अनेक चेहरे एकाच वेळी फार जवळून रोखून पाहताहेत असं वाटणं, जागचं हलता न येणं, आणि हावभावांचा अर्थ लावायला मेंदूला करावी लागणारी जादा धावपळ. मोठ्यांना जे झेपलं नाही, ते सातवीच्या मुलाकडून रोज पाच तास अपेक्षित होतं.

मुलाने लाजेपोटी कॅमेरा बंद ठेवला, शिक्षकाने तो अनास्था म्हणून वाचला, मग शिक्षकाचा स्वर कडक झाला आणि मूल आणखी आत गेलं. दोघांनाही एकमेकांची गरज होती आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला आपली पर्वा नाही. ऑनलाइन शिक्षणाबद्दलची इतकी कटुता मला तरी इथेच जन्मलेली दिसते.

यावर काय करावं? पहिलं, कॅमेऱ्याची सक्ती करू नका आणि हजेरी कॅमेऱ्याशी जोडू नका. हजेरी कामावरून घ्या : तासाच्या शेवटी वहीत सोडवलेल्या एका गणिताचं उत्तर ज्याने पाठवलं, तो हजर. तासाची पहिली दोन मिनिटं मात्र ज्यांना जमेल त्यांनी चेहरा दाखवावा, नमस्कार व्हावा, शिक्षकाने नाव घेऊन चौकशी करावी, आणि मग कॅमेरे खुशाल बंद व्हावेत. दुसरं, ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारूच नका, त्याला उत्तर येत नाही. ‘या दोन उदाहरणांपैकी कुठलं चुकीचं आहे, एक की दोन, लिहा’ असं विचारा. बोलायला लाजणारं मूल आकडा टाइप करतं. तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं : रोज पाच मुलांना साधा फोन करा. तीन मिनिटं पुरतात. अभ्यासाचं नंतर, आधी घरचं विचारा. चाळीसच्या वर्गात आठ शाळादिवसांत प्रत्येक घरी शिक्षकाचा आवाज पोचतो. त्याला स्मार्टफोन लागत नाही. ज्यांच्या घरी आजारपण होतं, कुणाची नोकरी गेली होती, कुणी दगावलं होतं, त्या मुलांसाठी असा एक फोन दहा तासांपेक्षा मोलाचा असतो.

शिक्षकालाही विचारा

मुलांच्या अडचणींवर थोडंफार बोललं गेलं. शिक्षकांच्या नाराजीला मात्र ‘त्यांना तंत्रज्ञान जमत नाही’ एवढ्यावर मोडीत काढलं गेलं, आणि हा मोठा अन्याय होता. महाराष्ट्रातले असंख्य शिक्षक त्या काळात रेशन दुकानांवर, तपासणी नाक्यांवर, घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणात काम करत होते. तिथून परतून ते रात्री दुसऱ्या दिवसाचा व्हिडिओ तयार करत. स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा, घरची मुलंही त्याच फोनसाठी ताटकळलेली.

शिवाय तास आता उघड्यावर आला होता. मुलाशेजारी बसलेले पालक ऐकत, मधूनच मुख्याध्यापक जोडले जात, कुणीतरी चित्रीकरण करून ते पुढे पाठवी. एखादा शब्द अडखळला तर त्याची चर्चा गावभर. वर्गात सहज चूक करून ‘थांबा, पुन्हा सांगतो’ म्हणणारा शिक्षक पडद्यावर आखडून गेला. शिक्षिकांचे खासगी नंबर अनेक ग्रुपांत फिरले, रात्री अकराला शंका येऊ लागल्या. यात तंत्र न जमण्याचा भाग थोडा आहे, असुरक्षिततेचा फार मोठा.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो : नवं तंत्र माणूस स्वीकारतो ते दोन गोष्टींवर, ते आपल्या कामाला उपयोगी आहे असं वाटलं तर आणि ते वापरायला सोपं वाटलं तर. प्रशिक्षणं बहुधा दुसऱ्या गोष्टीवर झाली. कुठलं बटण कुठे आहे ते दाखवलं गेलं. माझ्या विषयात याने काय साधेल, हे फारसं कुणी दाखवलं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग महामारीच्या कितीतरी आधी केला होता. तंत्र आधी शिकवण्याच्या गरजेतून आलं होतं, म्हणून ते टिकलं.

मुख्याध्यापकांसाठी म्हणून काही ठोस सूचना. संपूर्ण शाळेसाठी एकच अॅप ठरवा; प्रत्येक शिक्षकाचं वेगळं अॅप असलं की पालक हैराण होतात. दोन शिक्षकांची जोडी करा : एक शिकवेल, दुसरा संदेशातले प्रश्न पाहील. तरुण शिक्षकाला तंत्र येतं, ज्येष्ठाला विषय कसा उलगडायचा ते येतं. अशा जोडीत कुणाचाच अपमान होत नाही. तासात आगाऊ न सांगता डोकावू नका. ग्रुपवर फक्त शिक्षकच संदेश टाकू शकतील अशी सोय करा, आणि शंकांची वेळ ठरवून द्या, समजा संध्याकाळी पाच ते सहा. पालकांनीही ती पाळावी. तास चालू असताना मुलाच्या कानात उत्तर सांगणं तर कटाक्षाने टाळावं. त्याने शिक्षकाची फसगत होते आणि मुलाचं नुकसान.

तास लहान, काम घरातलं

केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी मर्यादा घालून दिली होती : पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे जास्तीत जास्त दोन तास, नववी ते बारावीसाठी चार. तरी अनेक शाळांनी रोजचं अख्खं वेळापत्रक उचलून पडद्यावर ठेवलं. मुलांचे डोळे आणि मान दुखणं, चिडचिड, दुपारनंतर लक्ष उडणं यातलं बरंच त्यातून आलं. ती मर्यादा आजही पाळण्यासारखी आहे.

तीस मिनिटांचा तास असेल तर सलग बोलणं दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. उदाहरणार्थ, सहावीला क्षेत्रफळ शिकवायचं आहे. सुरुवातीला पाच मिनिटं कालच्या कामातल्या दोन चुका. मग दहा मिनिटं संकल्पना. मग मुलांना सांगा, फोन खाली ठेवा आणि घरातल्या एका फरशीची लांबी-रुंदी मोजून या. फरशी नसेल तर चटई, खाट, पेटीचं झाकण. जमीन सारवलेली असेल तर मुलाने खडूने चौकोन आखावा. शेवटी आकडे गोळा करा आणि विचारा, कुणाचं क्षेत्रफळ सगळ्यात मोठं, कसं काढलं? यात मूल हलतं, पडद्यापासून दूर जातं, आणि घर हा अभ्यासातला अडथळा न राहता अभ्यासाचं साहित्य होतं. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ मालिका याच विचारावर उभी होती : घर, परसदार, स्वयंपाकघर, घरातली मोठी माणसं यांच्यातून शिकणं. ती दूरदर्शनवर होती, म्हणून इंटरनेट नसलेल्या घरातही पोचली.

आणि गृहपाठ. मुलं वहीच्या पानांचे फोटो पाठवत राहिली आणि उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र येत राहिलं. तीन-चार वेळा असं झालं की मूल ओळखतं, कुणी वाचत नाही. मग पानं कोरी होऊ लागतात, दुसऱ्याचा फोटो पुढे ढकलला जातो. कमी काम द्या, पण दिलेलं परत करा. आठवड्याला एकच स्वाध्याय नीट पाहून अर्ध्या मिनिटाचा आवाजी शेरा पाठवला, मुलाचं नाव घेऊन, एक जमलेली आणि एक सुधारायची गोष्ट सांगून, तर ते मूल पुढच्या आठवड्यात काम पाठवतं.

परीक्षेचा पेच

दहावीची २०२१ ची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला तो ९९.९५ टक्के. पुढच्या वर्षी, ३१ जानेवारी २०२२ रोजी, दहावी-बारावीची परीक्षा ऑनलाइन घ्या म्हणून विद्यार्थी मुंबईत धारावीत रस्त्यावर उतरले. त्यांना आळशी म्हणून झटकून टाकणारे पुष्कळ होते. पण जे दोन वर्षं बोटाने पडद्यावर शिकले, त्यांचा लिहिण्याचा सराव सुटला होता, आणि तीन तास बसून लिहिण्याची त्यांना खरोखर धास्ती होती. मंडळानेही ती ओळखली आणि त्या वर्षी लेखी परीक्षेला जादा वेळ दिला.

यातून घ्यायचा धडा सोपा आहे. वर्ग ऑनलाइन असला तरी रोज किमान एक पान हाताने, घड्याळ लावून लिहून घ्या. आणि ऑनलाइन चाचणीत पाठांतराचे प्रश्न विचारू नका, कारण पुस्तक उघडंच असणार. पुस्तक उघडं ठेवूनच विचार करावा लागेल असे प्रश्न द्या : तुमच्या गावची विहीर उन्हाळ्यात का आटते, धड्यातली दोन कारणं तुमच्या गावाला लागू पडतात का? शिवाय महिन्यातून एकदा पाच मिनिटांची तोंडी चाचणी फोनवर. नक्कल रोखायला याहून चांगला उपाय मला दिसलेला नाही.

ही झाली नकोसं वाटण्याची बाजू. काहींना ऑनलाइन वर्ग आवडलेही होते, आणि त्यांचं म्हणणं विसरून चालणार नाही. वर्गात कधीच हात वर न करणारी मुलं लेखी संदेशात मोकळी झाली. कर्जत-कसाऱ्याहून लोकलने मुंबईच्या कॉलेजात जाणाऱ्यांचे रोजचे कित्येक तास वाचले. ज्यांना एकदा ऐकून कळत नाही, त्यांना ध्वनिमुद्रित पाठ थांबवून पुन्हा ऐकता आला. शाळा भरू लागल्यावर हे सगळं एका झटक्यात बंद करण्याची गरज नव्हती. अवघड घटकांचे पाठ ध्वनिमुद्रित करून ठेवणं, लाजणाऱ्या मुलांना लिहून शंका विचारण्याची वाट ठेवणं, हे शाळा रोज भरत असतानाही करता येतं.

आणि जिथे नेट पोचतच नाही तिथे नेटचा हट्ट सोडा. सोलापूरच्या नीलमनगरात कामगार वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर लाउडस्पीकरवरून पाठ ऐकवले गेले. कितीतरी गावांत ओट्यावर, देवळाच्या आवारात, झाडाखाली पाच-सात मुलांचे गट बसले. हे कमी दर्जाचे पर्याय नव्हते. मुलाला माणूस दिसत होता, आणि तेच त्याला हवं होतं.

आता एक विनंती. या वर्षीच्या पहिल्याच पालकसभेत वर दिलेले फोन, वेळ आणि रेंजचे प्रश्न विचारून वर्गाची एक यादी करा. मुलांना नाव न लिहिता दोन प्रश्नांची उत्तरं लिहू द्या : ऑनलाइन तासात तुला सगळ्यात जास्त काय नकोसं होतं, आणि काय बरं वाटतं? शिक्षकांच्या बैठकीत हेच दोन प्रश्न शिक्षकांनाही विचारा आणि उत्तरं मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. हे जूनमध्येच करा. पूर आल्यावर विचारायला वेळ नसतो, आणि बऱ्याच गावांत रेंजही नसते.